परदेशात खिशातून कार्ड काढण्याआधी

बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून परदेशी विमान उडत नाही. त्यामुळे आपल्या भागातला प्रवासी चोर्ला घाट उतरून गोव्याचा मोपा विमानतळ गाठतो, नाहीतर बंगळूर-मुंबईचा रस्ता धरतो. निघण्याआधी बॅगेचे वजन चारदा होते, कार्डाचे सेटिंग मात्र इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिल्यावर आठवते. यंदा या सदराकडे आलेल्या पत्रांत कार्डाविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दुबईला लेकीकडे गेलो होतो. दुकानातल्या मुलाने मशीन पुढे करून विचारले, "रुपयांत की दिरहॅममध्ये?" हिशेब कळावा म्हणून रुपये म्हटले. जावयांनी त्याच दिवशी तेवढ्याच किमतीची वस्तू त्यांच्या भारतीय कार्डावर दिरहॅममध्ये घेतली, तर त्यांना ती कमी पैशांत पडली. आमची फसवणूक झाली का?
निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : कायद्याच्या भाषेत फसवणूक नाही, कारण मशीनने विचारले आणि तुम्ही होकार दिला. पण सौदा महागात पडला. कार्ड भारतीय आहे हे त्याच्या पहिल्या काही आकड्यांवरून मशीनला समजते आणि ते रुपयांचा पर्याय दाखवते. तो स्वीकारला की दिरहॅमचे रुपये दुकानाच्या बाजूची कंपनी करते, तेही तिच्या दराने. त्या दरात तिचा नफा धरलेला असतो आणि बऱ्याचदा दुकानालाही त्यातला वाटा मिळतो. दिरहॅम निवडले असते, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने हिशेब झाला असता. तो दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो.

आकडे मांडून पाहू. हिशेबापुरता दिरहॅम २४ रुपयांना धरा आणि बिल १,००० दिरहॅमचे. मूळ रक्कम २४,००० रुपये. आपल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचे बँकेचे शुल्क, साडेतीन टक्के असतो, म्हणजे ८४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १५१ रुपये. एकूण २४,९९१. आता रुपयांचा पर्याय घ्या. मशीनने दर सहा टक्के चढा लावला तर रक्कम होते २५,४४०. "रुपयांत दिले म्हणजे मार्कअप वाचला" असे वाटते, पण परदेशातल्या दुकानात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका सुमारे एक टक्का आणि वर जीएसटी आकारतात. तो जवळपास ३०० रुपये धरला की बिल २५,७४० च्या घरात जाते. एका बोटाच्या दाबाने साडेसातशे रुपये गेले.

पुढच्या वेळी पिन टाकण्याआधी मशीनची पाटी स्वतः वाचा. दोन ओळी दिसतील, एक एईडीची आणि एक आयएनआरची, म्हणजे रुपयांची. एईडी, म्हणजे तिथले चलन, निवडा. गल्ल्यावरच्या माणसाने न विचारता रुपये दाबले असतील तर पिन न टाकता व्यवहार रद्द करायला सांगा. पावती निघून गेली असेल तरी तिथेच उभे राहून व्यवहार 'व्हॉइड', म्हणजे रद्द, करून घ्या. हे त्याच दिवशी सहज होते, नंतर दुकानदार हात वर करतो.

एटीएमवर हाच प्रश्न जरा घाबरवून विचारला जातो. दर दाखवून खाली 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन' आणि 'डिक्लाइन कन्व्हर्जन' अशी दोन बटणे येतात. डिक्लाइन म्हटले की पैसेच मिळणार नाहीत असे वाटून लोक ॲक्सेप्ट दाबतात. डिक्लाइनने नाकारला जातो तो फक्त त्यांचा दर. नोटा येतात.

प्रश्न : आमच्या अर्बन बँकेचे रुपे डेबिट कार्ड आहे. गावातल्या दहाजणांबरोबर सिंगापूर-थायलंडला जातोय. चालेल ना?
शेतकरी, कडोली

उत्तर : कार्ड उलटसुलट करून बघा. फक्त रुपेचे चिन्ह असेल तर ते बहुधा देशांतर्गत वापराचे कार्ड आहे. सोबत डिस्कव्हर, डायनर्स किंवा जेसीबीचे चिन्ह असेल तर ते परदेशातही चालणारे रुपे आहे, पण जिथे ते जाळे आहे त्याच दुकानांत आणि एटीएमवर. सिंगापूर, भूतान आणि संयुक्त अरब अमिरातीत रुपे स्वीकारण्याची सोय २०१८ आणि २०१९ मध्ये सुरू झाली. तरीही तुमच्या बँकेने परदेशी वापर उघडला नसेल तर चिन्हाचा काही उपयोग नाही. शाखेत "कार्ड चालते का?" असे मोघम विचारू नका. "या कार्डावर परदेशातल्या एटीएमचा आणि दुकानाचा वापर सुरू करता येतो का आणि दिवसाची मर्यादा किती?" असे विचारा.

यूपीआय सिंगापूर, अमिरात, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस अशा काही देशांत ठरावीक दुकानांत चालते. त्यासाठी ॲपमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' वेगळे सुरू करावे लागते आणि ठरावीक दिवसांनी ते आपोआप बंद होते. थायलंडसाठी रुपेवर किंवा यूपीआयवर विसंबू नका. दहाजणांत निदान तिघांकडे व्हिसा किंवा मास्टरकार्ड असू द्या, तीही एकाच बँकेची नकोत.

प्रश्न : उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे. जर्मनीत यंत्रांचे प्रदर्शन बघायला आठ दिवस जायचे आहे. खर्च अंदाजे १,००० युरो, हॉटेल धरून. बँकवाले फॉरेक्स कार्ड घ्या म्हणतात, मित्र म्हणतो क्रेडिट कार्ड पुरे. डेबिट कार्डही आहेच.
लघुउद्योजक, बेळगाव

उत्तर : तिन्हींची कामे वेगळी आहेत. फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेले कार्ड. एकाच कार्डावर सगळा खर्च घालायला गेले की घोटाळा होतो.

सोयीसाठी युरो १०० रुपयांना धरू. साडेतीन टक्के मार्कअपच्या क्रेडिट कार्डावर १,००० युरो खर्च केले तर मार्कअप ३,५०० आणि जीएसटी ६३०, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये वर. फॉरेक्स कार्डावर युरो भरताना विक्रेता बाजारभावापेक्षा थोडा चढा दर लावतो. तो १०१.५० असेल तर १,५०० रुपये गेले. चलन बदलण्यावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का हे करपात्र मूल्य धरून त्यावर १८ टक्के लागतात, म्हणजे साधारण १८० रुपये. त्यात कार्डाचे शुल्क, बहुधा काही शे रुपये. तरीही ते क्रेडिट कार्डाच्या साधारण निम्म्यात बसते. मात्र "शून्य मार्कअप" एवढे ऐकून सही करू नका. "आज युरोचा विक्री दर किती?" हे दोन ठिकाणी विचारा, कारण फॉरेक्स कार्डाची खरी किंमत त्या दरात दडलेली असते. मार्कअप न लावणारी काही क्रेडिट आणि डेबिट कार्डेही मिळतात. तसले हाताशी असेल तर फॉरेक्स कार्डाची फारशी गरज नाही.

कार्डात फक्त युरो भरा. डॉलर भरलेले कार्ड युरोत वापरले की बदलाबदलीचे वेगळे शुल्क लागते आणि सगळी बचत धुऊन निघते. स्वित्झर्लंडला एक दिवस जाऊन येणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे युरो नाही, फ्रँक आहे.

हॉटेलसाठी क्रेडिट कार्ड द्या. हॉटेलवाला खोली देताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतो. तुम्ही खोली सोडली, बिल दुसरीकडून दिले, तरी ती मोकळी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, कधी त्याहून जास्त. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकते, खिशातले पैसे नव्हे. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात, आणि तेही परतीच्या आदल्या दिवशी. गाडी भाड्याने घेतली तरी हाच प्रकार.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे मात्र काढू नका. रोख काढण्याचे शुल्क साधारण अडीच टक्के आणि किमान काही शे रुपये असते, वर मार्कअप लागतो आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. खरेदीवरची बिनव्याजी मुदत रोखीला लागू नसते. रोख हवी तर फॉरेक्स कार्ड वापरा, ते अडले तर डेबिट. डेबिटवर दर खेपेला शंभर-दीडशे रुपये आणि जीएसटी, वर मार्कअप आणि तिथल्या यंत्राचे भाडे. म्हणून वीस-वीस युरो दहा वेळा काढण्यापेक्षा २०० एकदाच काढा. एटीएम बँकेच्या इमारतीतले बघा. पर्यटकांच्या रस्त्यावर किराणा दुकानाला चिकटून उभी असलेली झगमगीत यंत्रे सगळ्यांत महाग.

जर्मनीत रोख लागतेच. बेकऱ्या, लहान खाणावळी आणि काही टॅक्सीवाले फक्त रोख किंवा त्यांचे देशी 'गिरोकार्ड' घेतात. दारावर कार्डाचे चित्र दिसले म्हणून आपला व्हिसा चालेलच असे नाही. तिथे पूर्णांकानंतर टिंब नसते, स्वल्पविराम असतो: १२,५० म्हणजे साडेबारा. हजारांसाठी टिंब येते, म्हणून १.२५० म्हणजे बाराशे पन्नास. प्रदर्शनात एखादे टूल बघताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवा.

प्रश्न : सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मुलाकडे जातोय. दोघांच्या पेन्शनची खाती आहेत. मुलगा म्हणतो इथले सिम बंद करा, तिथले देतो.
ज्येष्ठ दांपत्य, निपाणी

उत्तर : सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि बँकेचे ॲपही त्या सिमशी बांधलेले असते. तिकडे नवा फोन घेऊन त्यात ॲप टाकायला गेलात, तर ॲप नोंदणीसाठी तुमच्या भारतीय सिमवरून स्वतःच एक एसएमएस पाठवू बघते. तो गेला नाही की ॲप उघडत नाही, आणि शाखा निपाणीत. म्हणून फोन बदलायचा असेल तर महिनाभर आधी इथेच बदला.

सिम कोल्हापूरच्या दुकानातले असो की निपाणीच्या, कंपनीकडून तीन गोष्टी विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू झाले का, पॅक न घेता फक्त एसएमएस आले तर चालेल का, आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपलीकडे जाते का. दोन सिमांचा फोन असेल तर भारतीय सिम आत ठेवून त्याचा डेटा बंद करा आणि इंटरनेट अमेरिकन सिमवर चालवा. बँकेत ईमेलही नोंदवा, म्हणजे एसएमएस अडला तरी व्यवहाराची सूचना येईल.

आता खात्याकडे वळू. पेन्शनच्या खात्याला 'ऑटो स्वीप' जोडले आहे का ते पासबुक घेऊन विचारा. असेल तर खात्यातली शिल्लक संपली की मुदत ठेव आपोआप मोडून पैसे पुढे जातात. म्हणजे ज्या डेबिट कार्डावर तुम्हाला पन्नास हजारच दिसतात, त्यामागे सगळी ठेव उघडी असते. परदेशासाठी वेगळे साधे बचत खाते काढा, त्यात लागतील तेवढेच टाका आणि त्याचेच कार्ड न्या. पेन्शनच्या कार्डाचा परदेशी वापर बंदच राहू द्या.

१ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की नवे किंवा बदलून मिळालेले कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू असते. परदेशी, ऑनलाइन आणि टॅपचा, म्हणजे कार्ड मशीनला नुसते टेकवून पैसे देण्याचा, वापर आपण स्वतः सुरू करायचा. ॲपमध्ये 'इंटरनॅशनल' या सदराखाली एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप अशी वेगवेगळी बटणे दिसतील. पहिली दोन सुरू करा आणि प्रत्येकाला दिवसाची मर्यादा घाला. ऑनलाइन बंद ठेवा. भारतातल्या संकेतस्थळावर ओटीपीची आडकाठी असते. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होते. परत आल्यावर सगळीच बटणे बंद करा.

अमेरिकेतल्या हॉटेलात जेवणाचे बिल कार्डावर घेतात आणि टिपचा आकडा तुम्ही पावतीवर नंतर लिहिता. त्यामुळे आधी ४० डॉलरचा संदेश येतो आणि खात्यातून ४८ जातात. ही चोरी नव्हे. पण पावतीची तुमची प्रत जपा. ४८ चे ८४ झाले तर तीच पुरावा.

प्रश्न : कुवेतला नोकरीला निघालोय. पहिला पगार होईपर्यंत कार्डावरच भागवायचे आहे. काय जपू?
तरुण, येळ्ळूर

उत्तर : आकडे वाचायला शिका. कुवेती दिनारचे १,००० फिल्स होतात, म्हणून बिलावर टिंबानंतर तीन आकडे येतात. ४.७५० म्हणजे पावणेपाच दिनार, चार हजार सातशे पन्नास नव्हे. ओमान आणि बहरीनमध्येही असेच. मशीनवर टिंब चुकले की बिल कितीतरी पटींनी वाढते, म्हणून पिन टाकण्याआधी आकडा मोठ्याने वाचा. दिनार डॉलरपेक्षा महाग आहे हे विसरून "दहाच तर आहेत" म्हणत खर्च होतो, तेही सांभाळा.

दोन कार्डे घ्या. एक पाकिटात ठेवा, दुसरे खोलीवरच्या बॅगेत. कार्डाचा फोटो मोबाइलच्या गॅलरीत ठेवू नका. कागदावर फक्त शेवटचे चार आकडे आणि बँकेचा +९१ ने सुरू होणारा क्रमांक लिहा. १८०० चे मोफत क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत आणि नेमके तेच सगळ्यांना पाठ असतात.

प्रश्न : सिंगापूरहून परतून वीस दिवस झाले. काल रात्री कार्डावरून डॉलरमध्ये दोन व्यवहार झाल्याचे संदेश आले. कार्ड माझ्याजवळच आहे, कुणालाही ओटीपी दिलेला नाही.
वाचक, कारवार

उत्तर : हे वाचत असतानाही कार्ड चालू असेल तर आधी ॲपमधून ब्लॉक करा, मग पुढे वाचा. बँकेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी ईमेल करा. त्यात दोन्ही व्यवहारांची वेळ, रक्कम, दुकानाचे नाव आणि "हे व्यवहार मी केलेले नाहीत" एवढे स्पष्ट वाक्य हवे. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर नोंद करा.

घाई कशासाठी, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे मर्यादा आहे. साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला ती १०,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. संदेश आला तो दिवस मोजत नाहीत आणि कामकाजाचे दिवस धरतात ते तुमच्या मूळ शाखेचे. सीमाभागात हे महत्त्वाचे, कारण अनेकांचे घर एका राज्यात आणि खाते दुसऱ्या. १ नोव्हेंबरला बेळगाव-कारवारच्या शाखा राज्योत्सवासाठी बंद, चंदगडची सुरू. पण एका दिवसाच्या सवलतीवर भिस्त ठेवू नका.

कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचे असते. पिन किंवा ओटीपी तुम्ही दिला होता असे निघाले, तर कळवण्याआधीचे नुकसान तुमचे. म्हणून कळवल्याची वेळ दाखवणारा ईमेल मोलाचा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शाखा कोणत्या राज्यातली हा प्रश्न तिथे येत नाही, देशभराच्या तक्रारी एकाच ठिकाणी घेतल्या जातात. १४४४८ वर मराठीत बोलता येते. शाखेतला अर्ज कन्नड-इंग्रजीत आणि आपण मराठीत, या अडचणीवर निदान इथे तरी वाट आहे.

आता सिंगापुरातले दिवस आठवा. कार्ड हातातून घेऊन कोणी आत गेले होते का? एखाद्या संकेतस्थळावर तिकीट काढताना 'कार्ड सेव्ह' केले होते का? पुढचे कार्ड आल्यावर ते संकेतस्थळ उघडून आधी जुने कार्ड काढून टाका.

प्रश्न : फॉरेक्स कार्डावर ३,००० दिरहॅम उरलेत, घरात काही नोटाही आहेत. ठेवले तर गुन्हा होतो का? आणि मुलाच्या कार्डावर सरकार कर कापते म्हणतात.
गृहिणी, शहापूर

उत्तर : २,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच्या किमतीचे परकीय चलन जवळ ठेवता येते. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे परत करायचे. दिरहॅम डॉलरला ३.६७ च्या आसपास बांधलेला आहे, म्हणजे तुमचे ३,००० दिरहॅम आठशे डॉलरच्या थोडे वर. नोटा धरूनही बहुधा बसतील. वर्षभरात पुन्हा जाणार असाल तर मोडू नका, कारण परत घेताना खरेदीचा, म्हणजे पडता दर लागतो. फक्त कार्ड पडून राहिले तर शुल्क लागते का ते विचारा.

कराचे असे आहे: फॉरेक्स कार्डात भरलेले आणि डेबिट कार्डाने परदेशात खर्च केलेले पैसे वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी खर्च करू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत धरले जातात. आर्थिक वर्षात अशी रक्कम १० लाख रुपयांवर गेली की वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची. परदेशात फिरताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या त्यात धरत नाहीत. कापलेला टीसीएस विवरणपत्रात दाखवून परत मिळतो किंवा करात वळता होतो, म्हणून पैसे भरताना पॅन बरोबर लिहिला आहे ना ते पावतीवर बघा.

घरातल्या नोटा विक्रेता घेईल. नाणी इकडे सहसा कुणी घेत नाही. पुढच्या खेपेला ती दुबईच्या विमानतळावरच पाण्याची बाटली घेऊन संपवा.